यातलं एक तरी एसटीने जाता येईल असं आहे का?

अंजनीकाठ

नमस्कार मंडळी. मी एरंडोल तालुक्यातल्या एका शाळेत सातवीच्या वर्गाला शिकवतो. मागच्या आठवड्यात वर्गाच्या भिंतीवर जगातल्या प्रसिद्ध वास्तूंचा तक्ता लावला. गिझाचा पिरॅमिड, पिसाचा मनोरा, आयफेल टॉवर, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, अबू सिंबेल, अंगकोर वाट, ताजमहाल. मुलांनी नावं मोठ्यानं वाचली, कोणता देश कुठे ते नकाशात शोधलं, मधली सुट्टी झाली आणि सगळे पळाले. एक मुलगी मात्र तक्त्याखाली उभीच होती. मग तिनं विचारलं, "सर, यातलं एक तरी एसटीने जाता येईल असं आहे का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. ताजमहाल म्हणावं तर आपल्या डेपोतून आग्र्याला गाडी नाही. तिच्या घरची परिस्थिती मला ठाऊक आहे. वडील सालदार आहेत. ती आजवर जळगावच्या पुढे गेलेली नाही.

म्हणून इथं विचारतो. तुमच्यातले बरेच जण जग फिरलेत आणि बरेच जण आपल्या खान्देशातच पाय रोवून आहेत. त्या तक्त्यावरच्या वास्तूंपैकी कुणाचा धागा आपल्या भागापर्यंत येतो का? नुसतं "आपल्याकडेही भारी आहे" असं नको. खरा संबंध हवा. मुलांना खोटं सांगायचं नाही.

शेवभाजी

सर, त्या मुलीला माझ्यातर्फे एक वही-पेन द्या. धागा वाचनखुणेत टाकला.

तापीची_लेक

सर, ताजमहालापासूनच सुरुवात करा. ताजची गोष्ट आपल्या तापीकाठी सुरू होते.

मी रावेर तालुक्यातली, बऱ्हाणपूर आम्हाला जळगावपेक्षा जवळ. खान जहान लोदीनं बंड केलं तेव्हा शहाजहान दख्खनेत उतरला आणि मुक्काम बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात केला. किल्ला अगदी नदीवर आहे, घाटावरून मान वर केली की भिंत पाण्यातूनच उगवल्यासारखी दिसते. तिथंच १७ जून १६३१ रोजी मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली. बाळ वाचलं, मुलगी होती. मुमताजला नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत, आहुखान्यात, दफन केलं. त्याच वर्षी डिसेंबरात तिचं शव आग्र्याला नेलं आणि १६३२ मध्ये यमुनेकाठी मकबऱ्याचं काम सुरू झालं. म्हणजे आज जिच्या कबरीपुढे जगभरचे लोक उभे राहतात, ती सहा महिने तापीच्या मातीत होती.

चार वर्षांपूर्वी आईला आहुखान्यात घेऊन गेले होते. गर्दी नाही, काही नाही. मी आईला सगळा इतिहास सांगत होते, ती ऐकत होती. "चौदावं बाळंतपण" म्हटल्यावर ती थांबली. "चौदा वेळा?" एवढंच म्हणाली आणि पायरीवर बसून राहिली. आईची स्वतःची सहा बाळंतपणं, त्यातली दोन मुलं गेलेली. पुढच्या वर्षी मी ताज पाहिला. संगमरवर डोळ्यात मावत नव्हता, पण मला सारखी ती पायरीच आठवत होती.

ताज बऱ्हाणपुरातच बांधायचा होता, इथली माती भुसभुशीत निघाली म्हणून आग्र्याला गेला, असं आमच्याकडे सांगतात. ही लोकांची गोष्ट आहे. मुलांनाही लोकांची गोष्ट म्हणूनच सांगा.

पांझरा

बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे ना? मग खान्देश कसं?

तापीची_लेक

पांझरा भाऊ, जिल्ह्याच्या रेघा नंतरच्या. फारुकी सुलतानांची राजधानी बऱ्हाणपूर, मोगलांच्या खान्देश सुभ्याचं मुख्य ठाणंही बऱ्हाणपूरच. असीरगड तिथून जवळ. अकबरानं तो १६०१ मध्ये घेतला आणि फारुकींचं राज्य तिथं संपलं. जिल्ह्याचं म्हणाल तर इंग्रजांनी खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले तेच मुळी १९०६ मध्ये. तुमचं धुळं आणि आमचं जळगाव त्याच्या आधी एकाच जिल्ह्यात होतं.

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृतातला शिलालेखही कोरलेला आहे. सर, मुलांना नेलंत तर तो नक्की दाखवा.

पांझरा

पटलं ताई. शिलालेखाचं माहीत नव्हतं.

मठार

मी मूळचा सोनगीरचा, हल्ली अमेरिकेत न्यू जर्सीत असतो. घराण्याचा धंदा तांबटाचा. आजोबांच्या अंगणात दिवसभर ठोके चालायचे. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी आलो की आवाजावरून कळायचं, आज हंडा आहे की घंगाळ.

२०११ मध्ये वडील इकडे आले तेव्हा त्यांना बोटीनं स्वातंत्र्यदेवी दाखवायला नेलं. उंची किती, मशालीत काय, हातातल्या पाटीवर काय लिहिलंय, असं मी बोलत होतो. वडिलांचं लक्ष नव्हतं. बोट जवळ गेली तसे ते कठड्याला टेकले आणि म्हणाले, "अरे, हे तांबं आहे. हे ठोकून केलंय."

खरंच ठोकून केलेलं आहे. तो पुतळा ओतीव नाही. लाकडी साच्यांवर तांब्याचे पत्रे ठेवून हातोडीनं आकार दिलेला आहे. एवढी अवाढव्य बाई, पण पत्र्याची जाडी साधारण २.४ मिलिमीटर. सगळं काम पॅरिसमध्ये झालं, मग सुटे भाग २१४ पेट्यांत भरून बोटीनं न्यूयॉर्कला आणले आणि २८ ऑक्टोबर १८८६ रोजी लोकार्पण झालं. तेव्हा ती तांब्याच्याच रंगाची होती. समुद्राच्या हवेनं पुढची काही वर्षं हळूहळू हिरवी होत गेली. हिरवा थर पाहून वडील म्हणाले, "हा काढायचा नाही. हाच आतल्या तांब्याला राखतो." इथले जाणकारही तेच सांगतात. तो थर मुद्दाम तसाच ठेवलाय.

आणखी एक. आतला सांगाडा लोखंडी होता, आयफेलनंच रचलेला. लोखंड आणि तांबं एकमेकांना लागलं आणि ओल मिळाली की लोखंड खाल्लं जातं. ते होऊ नये म्हणून मध्ये अस्तर घातलं होतं, पण शंभर वर्षांत ते गेलं आणि लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या. १९८६ च्या शताब्दीआधी त्या पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या. वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, तांब्याच्या भांड्याला लोखंडी कडी लावायची नाही हे आपल्याकडे शिकाऊ पोरालाही सांगतात.

सर, सोनगीरला एसटी जाते. महामार्गावरच आहे. मुलांना एखाद्या तांबटाच्या घरी न्या, सपाट पत्र्याचा गोल घडा कसा होतो ते बघू द्या. मग तक्त्यातला पुतळा त्यांना वेगळा दिसेल.

खापरनी_पोयी

मठार भाऊ, तुम्हना वडीलनी गोठ वाचीसन डोयाले पानी उनं. आम्हना घर अजून सोनगीरना हंडा शे, मायना लगीनमा भेटेल.

अंजनीकाठ

मठार, हे सोमवारी वर्गात वाचून दाखवलं तर चालेल ना? तुमच्या वडिलांचं वाक्य तसंच ठेवतो.

मठार

चालेल काय सर, वडिलांना आत्ताच फोन करून सांगतो.

भुसावळ_जंक्शन

निवृत्त रेल्वे कर्मचारी. आयफेल टॉवरवर मला बोलायचं आहे.

मुलानं २०१८ मध्ये पॅरिसला नेलं. लोक वर बघत होते, मी खांबाजवळ जाऊन रिव्हेट बघत होतो. २५ लाख रिव्हेट आहेत त्यात. तेव्हा वेल्डिंगचा जमाना नव्हता. एक रिव्हेट बसवायला चार माणसं लागायची. एक जण भट्टीत लाल करणार, दुसरा भोकात घालून धरून ठेवणार, तिसरा दुसऱ्या बाजूनं डोकं घडवणार, चौथा घण मारणार. गार होताना रिव्हेट आखडतो आणि दोन्ही पत्रे आवळून धरतो. आमच्या जुन्या गर्डर पुलांचं काम ह्याच पद्धतीचं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमचे मिस्त्री हातोडीनं रिव्हेट वाजवून बघायचे. घट्ट असेल तर खणखणीत आवाज, सैल असेल तर बद्द. पॅरिसला बोटानं टकटक करून बघायचा मोह झाला आणि मी करून बघितलं.

टॉवर १८८९ च्या प्रदर्शनासाठी उभा केला, परवानगी फक्त २० वर्षांची होती. पुढे बिनतारी संदेशासाठी उपयोगी पडला म्हणून वाचला. सर, मुलांना हे नक्की सांगा.

आता भुसावळचं. अजिंठ्याची भित्तिचित्रं ज्यानं आयुष्यभर कॅनव्हासवर उतरवली तो मेजर रॉबर्ट गिल आमच्या भुसावळच्या जुन्या युरोपियन दफनभूमीत आहे. १८७९ मध्ये गेला. मी तीस वर्षं त्या रस्त्यानं ड्यूटीवर गेलो आणि मला माहीत नव्हतं. निवृत्तीनंतर एका ओळखीच्या शिक्षकांनी नेऊन दाखवलं. वाईट वाटलं.

लेणापूर

भुसावळ काका, गिलची गोष्ट पुरी सांगायला हवी, कारण तिचं दुसरं टोक लंडनच्या एका प्रसिद्ध वास्तूत आहे.

१८१९ च्या एप्रिलात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला वाघूरच्या घळीत शिकार करताना लेणी दिसली. आमच्या आजूबाजूच्या गावांना ती ठाऊक होतीच, बाहेरच्या जगाला तेव्हा कळली. १८४४ च्या सुमाराला गिलला चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमलं. तो इथंच राहिला. पारो त्याची सोबतीण, १८५६ मध्ये गेली, तिचं स्मारक अजिंठा गावात आहे. लेण्यांत उजेड नाही, वटवाघळं, मधमाश्या, ताप. तरी मोठमोठे कॅनव्हास रंगवून त्यानं लंडनला पाठवले. तिथं ते क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले. ही काचेची आणि लोखंडाची इमारत १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी हाइड पार्कात उभी केली होती, नंतर सिडनहॅमला हलवली. जगभरातून लोक ती बघायला यायचे. डिसेंबर १८६६ मध्ये तिला आग लागली आणि गिलची तिथं लावलेली चित्रं जळाली. वीस वर्षांचं काम. जी थोडी प्रदर्शनात नव्हती तेवढी राहिली.

हा गडी नंतरही थांबला नाही, अजिंठ्यातच काम करत राहिला. पुढे ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. क्रिस्टल पॅलेस १९३६ मध्ये जळून संपला, आज तिथं बाग आणि पायऱ्या उरल्यात. मी बघून आलो. त्या पायऱ्यांवर उभं राहून मला आमच्या घळीतला पावसाळ्यातला धबधबा आठवला. चित्राची नक्कल दोनदा जळाली, मूळ चित्र मात्र दीड हजार वर्षांनी आपल्या डोंगरात आहे. ते बघायला फर्दापूरपर्यंत एसटी आहे.

पांझरा

पण अजिंठा खान्देशात नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्हा, सोयगाव तालुका. बऱ्हाणपूरचं मान्य केलं, हेही घेणार का?

लेणापूर

कागदावर नाही, कबूल. निजामाच्या मुलखात होतं. पण बाहेरचा माणूस रेल्वेनं यायचा तो जळगावला किंवा पाचोऱ्याला उतरूनच. आमचा बाजार, सोयरीक, दवाखाना सगळं खाली जळगावकडे. लेणी कोणाची हा वाद मला घालायचा नाही, जायचा रस्ता खान्देशातून आहे एवढंच.

पीजे_गाडी

पाचोऱ्याचं नाव निघालं म्हणून. पाचोरा-जामनेर छोटी गाडी, आमची पीजे. लहानपणी तिच्यानं पहूरला उतरून पुढे अजिंठ्याला गेलो होतो. वडिलांच्या मांडीवर दशम्यांचं गाठोडं, खिडकीत कपाशी. लेणी पहिल्यांदा पाहिली तेव्हा नऊ वर्षांचा होतो. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी त्या अंधारात दिसेचना. चौकीदारानं बाहेरच्या उन्हात पत्रा तिरपा धरून उजेड आत टाकला, आणि एकदम तो चेहरा. अजून अंगावर काटा येतो.

अवांतर झालं, क्षमा करा.

शेवभाजी

अवांतर नाही हो. त्या गाठोड्यात दशम्यांबरोबर काय होतं तेही सांगा.

पीजे_गाडी

शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. आईनं भरीत दिलं होतं, ते पाचोऱ्यालाच संपलं.

सातमाळा

सगळे प्रतिसाद वाचले, आवडले. तरी एक गोष्ट मनापासून खटकते ती बोलतो.

आपण प्रत्येक वास्तूला बाहेरच्या नावाचा टेकू का देतो? हे खान्देशचं अमुक, ते दख्खनचं तमुक. अशानं मूल काय शिकतं? मोठं ते तिकडे, आपल्याकडे त्याची सावली. मी चाळीसगावचा. आमच्या पाटणादेवीला चंडिकेचं मंदिर आहे, तिथला शिलालेख १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला दान काय दिलं, कुणी दिलं, हे त्यात कोरलंय. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. गणित आणि ज्योतिष शिकवणाऱ्या मठाचा कायमचा बंदोबस्त दगडावर लिहून ठेवलाय, आणि तो आपल्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. जवळच जंगलातून पितळखोऱ्याची लेणी, इसवी सनाच्याही आधीची. ह्याला कुठल्या परदेशी मनोऱ्याशी नातं लावायची गरज आहे?

तक्ताच बदला सर. पाटणादेवी, थाळनेरच्या फारुकी कबरी, बलसाण्याची मंदिरं, चांगदेवचं मंदिर, प्रकाशा. मुलांना आधी हे.

मठार

सातमाळा दादा, तुमचा राग समजतो. पण माझं उलट झालं. मी सोनगीरला वाढलो आणि आजोबांच्या हातोडीकडे कधी नीट पाहिलं नाही. न्यूयॉर्कच्या बोटीत वडिलांनी बोट दाखवलं तेव्हा मला आमचं अंगण दिसलं. तो पुतळा नसता तर मी आजही म्हटलं असतं, आमच्याकडे भांडी करतात.

सातमाळा

तुमचं खरं आहे. माझं म्हणणं इतकंच की परत येऊन अंगण बघायला हवं. बरेच लोक बोटीतच राहतात.

काळी_भुई

स्थापत्य अभियंता, गाव कासोद्याजवळ. सर, फरकांडे तुमच्याच तालुक्यात असून अजून नाव निघालं नाही, म्हणून लिहितो.

उतावळी नदीकाठचे झुलते मनोरे. वर चढून एक हलवला की दुसरा हलायचा. आमच्या वडिलांच्या पिढीतली सगळी पोरं चढलीत. त्यातला एक मनोरा कोसळला. मी लहान होतो. आजोबा दोन दिवस नीट जेवले नाहीत, घरातलं माणूस गेल्यासारखे ओट्यावर बसून होते.

आता लोक त्याला पिसा म्हणतात ते चूक आहे, सातमाळांशी एवढं सहमत. पिसाचा मनोरा डोलत नाही, तो खचलाय. ११७३ मध्ये काम सुरू झालं, तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलं आणि कलायला लागला, कारण दक्षिणेकडची माती मऊ. मग लढायांमुळे काम जवळजवळ शंभर वर्षं थांबलं. त्या खंडानंच तो वाचला. मातीला दबून घट्ट व्हायला वेळ मिळाला, सलग बांधला असता तर तेव्हाच पडला असता. १९९० मध्ये धोका वाढला म्हणून बंद केला. दोर बांधले, शिशाची वजनं ठेवली, आणि शेवटी उत्तरेकडच्या पायाखालची माती तिरप्या नळ्यांनी थोडी थोडी उपसून काढली, तसा तो त्या बाजूला किंचित बसला. कल साडेपाच अंशांवरून चारच्या आसपास आणला आणि डिसेंबर २००१ मध्ये पुन्हा उघडला. पूर्ण सरळ करायचा नव्हताच. कललेला आहे म्हणून तर तो आहे.

मी तिथं उभा होतो तेव्हा सगळे मनोऱ्याला हात टेकवल्याचे फोटो काढत होते, मी पायाच्या खड्ड्याकडे बघत होतो. आपण काळ्या मातीतले लोक. घर बांधायचं तर मुरूम लागेपर्यंत खोदायचं, हे आपल्याकडचा गवंडी न शिकता जाणतो. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पिसाची माती वेगळी, दुखणं तेच. सर, मुलांना दोन डबे भरून दाखवा, एकात काळी माती, एकात मुरूम. दोन्हींवर वीट ठेवा, पाणी घाला, बघू द्या.

उरलेल्या मनोऱ्यावर कुणालाही चढू देऊ नका. खालूनच बघायचा.

अंजनीकाठ

डब्यांचा प्रयोग ह्याच आठवड्यात. फरकांडे इतकं जवळ की मी ते विसरलोच होतो.

तोरणमाळ

मी धडगाव तालुक्यात वीस वर्षं शिक्षक होतो. तुमच्या तक्त्यात अबू सिंबेल आहे म्हणून लिहितो.

नाईल नदीवर आस्वानचं मोठं धरण झालं, तेव्हा रामसेस राजाची ही मंदिरं पाण्याखाली जाणार होती. युनेस्कोनं जगाला हाक दिली. १९६४ ते १९६८ ह्या काळात अख्खा डोंगर करवतीनं कापला. वीस-तीस टनांपर्यंतचे दगड, प्रत्येकावर नंबर. ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे नेऊन जसंच्या तसं पुन्हा उभं केलं. वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारीला आणि २२ ऑक्टोबरला, सकाळचं ऊन गाभाऱ्यापर्यंत जातं. नव्या जागीही ते साधलं.

आमच्याकडे नर्मदेच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं आली. माझ्या वर्गातला एक मुलगा अशाच गावचा. त्याच्या आजोबांनी घर उतरवलं तेव्हा सागाच्या खांबांवर कोळशानं खुणा केल्या होत्या, कुठला खांब कुठल्या कोपऱ्यातला, म्हणजे नव्या जागी घर तसंच बसेल. मी ते खांब पाहिलेत. अबू सिंबेलच्या दगडांवरचे नंबर फोटोत पाहिले तेव्हा मला त्या कोळशाच्या रेघा दिसल्या.

देवळं हलवायला पन्नासेक देश धावले. नाईलकाठचे हजारो नुबियन लोकही तेव्हा गावं सोडून गेले, त्यांची नावं तक्त्यावर नाहीत. सर, मुलांना दोन्ही सांगाल का? राजाची मूर्ती वाचली हेही, आणि आजोबांनी खांबावर रेघ ओढली हेही.

तापीची_लेक

तोरणमाळ सर, दोनदा वाचलं.

अंजनीकाठ

सांगेन. शब्द देतो.

पांझरा

मी नुसत्या शंकाच काढतोय असं वाटायला नको म्हणून माझ्याकडचं देतो. नर्मदेचं नाव निघालंच आहे. जगातला सर्वांत उंच पुतळा त्याच नदीवर, केवडियाला, १८२ मीटर, २०१८ मध्ये खुला झाला. स्वातंत्र्यदेवी चौथरा धरून ९३ मीटर. हा पुतळा ज्यांनी घडवला ते राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, जन्म १९२५ चा. धुळ्याचं विमानतळ आहे तेच गोंदूर. जे. जे. त शिकले आणि तरुणपणी पुरातत्त्व खात्यात नोकरीला असताना अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या दुरुस्तीचं काम त्यांनी केलं. म्हणजे लेणापूरकरांचं अजिंठा इथंही आलंच, हरलो.

मी रोज गोंदूरच्या रस्त्यानं जातो. आमच्या घराशेजारी एक मुलगा गणपतीच्या दिवसांत शाडूच्या मूर्ती करतो, हात चांगला आहे. त्याला घेऊन केवडियाला गेलो होतो. तो वर चेहऱ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काका, आधी एवढीशीच केली असेल ना?" मी म्हटलं, हो, आधी हाताएवढीच करतात. तेव्हापासून त्याच्या खोलीत मातीचे हात, पाय, नाकं वाळत पडलेली असतात.

मठार

पांझरा, हा प्रतिसाद सगळ्यांत भारी. त्या मुलाला कधी सोनगीरला पाठवा.

खापरनी_पोयी

सर, त्या पोरनी जे इचारं ते आम्हले पन्नास वरीसमा सुचनं नही. तिले सांगा, आते एसटी भरीसन जावानं.

अंजनीकाठ

मंडळी, दहा दिवसांनी परत आलो.

तक्ता काढला नाही. सातमाळांचं ऐकून शेजारी खान्देशाचा नकाशा लावला आणि मुलांनी दोन्हींमध्ये सुतळी ताणली. स्वातंत्र्यदेवीपासून सोनगीर. ताजपासून तापीकाठ. अबू सिंबेलपासून धडगाव. क्रिस्टल पॅलेस तक्त्यात नव्हता, तो एका मुलानं चित्र काढून चिकटवला आणि तिथून भुसावळला सुतळी नेली. पाटणादेवीला सुतळी नाही. तिथं मुलांनी नुसतं १२०७ लिहिलंय, मोठ्या अक्षरात. डब्यांच्या प्रयोगात काळ्या मातीवरची वीट दुसऱ्या दिवशी कलली तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या.

फरकांड्याला सगळे जाऊन आलो. खालूनच बघितला.

त्या मुलीला विचारलं, आता कुठे जायचं. तिनं नकाशाजवळ जाऊन बराच वेळ बघितलं आणि अजिंठ्यावर बोट ठेवलं. म्हणाली, "दोनदा जळालं तरी आहे, ते बघायचं." एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळतेय, डेपोत बोलून आलो. पालकसभेत कुणी नाही म्हटलं नाही. दोन मुलांचे पैसे कमी पडत होते, ते शाळेतल्या आम्हीच उचलले. येत्या सोमवारी सकाळी सहाला निघतो.

लेणापूर

सर, सोमवारी लेणी बंद असतात! मंगळवार धरा. फर्दापूरच्या फाट्यावर तुमची गाडी ठेवावी लागेल, तिथून आतल्या बसनं वर. मी फाट्यावर येऊन थांबतो.

अंजनीकाठ

बरं झालं सांगितलंत, नाहीतर चाळीस पोरं दाराशी उभी राहिली असती. डेपोत फोन केला, मंगळवार मिळाला.

पीजे_गाडी

सर, पहिल्या लेण्यात गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत मुलांना गप्प उभं करा. घाई करू नका. चेहरा हळूहळू येतो.

शेवभाजी

दशम्या किती लागतील ते कळवा. आमच्या घरून साठ येतील, चटणीसकट.